सतरा नंबरचा गाल

सगुणाबाई कोळपे यांनी सतरा नंबरचा दगड खराब केलेला नाही. हे वाक्य खरं तर एका छापील कार्डावर यायला हवं होतं. तिथे ते येईना, म्हणून मी इथे पहिल्याच ओळीत लिहून टाकते आहे.

ते कार्ड पुण्यातल्या एका संस्थेच्या खणात आहे, कापसावर ठेवलेल्या नखाएवढ्या दगडी प्राण्याशेजारी. त्यावर लिहिलं आहे: ‘ट्रायलोबाइट, स्पिती. नमुना १७. साफसफाई: स. कोळपे. जादा कोरल्यामुळे डावीकडचा भाग नष्ट.’ एकतीस वर्षं या बाईंनी आमच्या कॉलेजात काम केलं. एवढ्या वर्षांत त्यांचं नाव हजेरीपटाखेरीज कुठे लागलं नाही. त्यांनी मोकळ्या केलेल्या नमुन्यांवर लोकांनी निबंध छापले, त्यात नाही. प्रदर्शनं झाली, त्यात नाही. आणि एकदाच लागलं ते असं. माझ्या अंगाचा अजून तिळपापड होतो.

मी शिरूरच्या त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. नवरा रेल्वेत, म्हणून बिऱ्हाड दौंडच्या रेल्वे कॉलनीत. रोज सकाळी चौफुल्यावरून शिरूरला जाणारी एसटी धरायची. न्हावऱ्याला सगुणाबाई चढायच्या. एका हातात डबा, दुसऱ्या हातात कुणा ना कुणा प्राध्यापकाने फर्मावलेली मेथीची जुडी नाहीतर कांद्याची पिशवी. भूशास्त्र विभागात त्या कामाला होत्या. कागदावर ‘प्रयोगशाळा परिचर’, तोंडाने ‘मावशी’. त्यांचं खरं काम काय ते अर्ध्या कॉलेजला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि कळावं असं कुणाला वाटलंही नाही.

कोळपे वस्तीवर आता ऊस आहे, कांदा आहे, दावणीला म्हशी आहेत. पण सगुणाबाईंचं माहेरचं लहानपण मेंढरांमागे गेलेलं. वडिलांचा वाडा, म्हणजे कळप, दोनशे मेंढरांचा. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणाकडे, पाऊस तोंडावर आला की परत. दिवसभर मेंढ्या रानात आणि कोकरं मुक्कामी जाळीत कोंडलेली असायची. संध्याकाळी मेंढ्या आल्या की कोकरं सोडायची, आणि मग जो काय गोंधळ उडतो त्यात कुठलं कोकरू कुणाचं ते ओळखून आईला लावून द्यायचं. चुकलं तर मेंढी पाजत नाही, लाथ मारते. हे काम आठ वर्षांच्या सगुणाकडे होतं. तोंड बघून ती लावून द्यायची. त्यांनीच मला एसटीत सांगितलं होतं, “मान्सं मला येकवेळ वळकू येत न्हाईत बाई, पर मेंढराचं तोंड इसरत न्हाई.”

आमच्याकडचा दगड सगळा काळा, लाव्हाचा. घोडनदीच्या पात्रात जन्मभर हिंडलात तरी त्या दगडात ट्रायलोबाइट मिळायचा नाही. हा पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातला, पाठीवर कवच असलेला आणि तळाशी सरपटणारा प्राणी. खेकड्याचा फार लांबचा नातलग. आमच्या कॉलेजात हे दगड आले ते हौसराव सरांमुळे. हौसराव सर भूशास्त्राचे पहिले विभागप्रमुख. सगुणाबाई कामाला लागल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी ते मुलांना घेऊन हिमाचलात स्पितीला गेले आणि पाटीसारख्या पापुद्र्यांच्या दगडांची दोन पोती घेऊन आले.

तो दगड फोडला की दोन फाका होतात. एकीवर प्राणी, दुसरीवर त्याचा ठसा. दोन्ही जपाव्या लागतात, कारण एकीवर जे तुटलं ते दुसरीवर दिसतं. सरांनी जोड्या कागदात बांधून आणल्या होत्या. दौंड स्टेशनात हमालाने पोती फलाटावर आपटली, कागद फाटले आणि सगळ्या फाकांची मिसळ झाली. एमएस्सी करायला निघालेली आठ पोरं आठ दिवस लॅबमध्ये फाका जुळवत बसली. सगुणाबाई फरशी पुसत होत्या. पुसता पुसता म्हणाल्या, “सर, ह्यो त्येचा न्हाई. ह्येचं तोंड बगा की, चपटं हाय.” पोरं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी फडकं काढून घेतलं आणि सगुणाबाईंना स्टुलावर बसवलं. दोन दिवसांत बेचाळीस जोड्या लागल्या.

हौसराव सरांनी मग त्यांना काम शिकवलं. लाकडी मुठीत बसवलेली शिवणाची सुई, सूक्ष्मदर्शक, मऊ ब्रश. एका वेळी एक कण उडवायचा, फुंकर मारायची, बघायचं, मग दुसरा. तुरीच्या दाण्याएवढा प्राणी मोकळा व्हायला कधी तीन आठवडे लागत. आणि हे सगळं झाडलोट, पाणी, चहा, नोटिसा फिरवणं उरकून. त्यासाठी वेगळा तास कधी कुणी दिला नाही.

पहिल्याच वर्षी त्यांच्या हातून एक चूक झाली. धनगराच्या घरात लोकर कातरायची तर कातडीला भिडून कातरतात, अंगावर केस ठेवणारा कातरणारा कच्चा. सगुणाबाईंनी चार नंबरचा दगड तसा कातरला. दिसायला लख्ख झाला, पण डोक्यावरचे बारीक उंचवटे त्याबरोबर गेले, आणि ते गेले म्हणजे जात ओळखायची खूणच गेली. सर ओरडले नाहीत. विभागाच्या वहीत नोंद करायला सांगितली. सगुणाबाईंनी आपल्या मोठ्या, सुट्या अक्षरात लिहिलं: ‘४. माझ्या हाताने खराब झाला. सगुणा कोळपे.’ चूक करून स्वतःच्या सहीने ती लिहून ठेवणारा दुसरा माणूस मी त्या इमारतीत पाहिला नाही.

त्यानंतर त्या थांबायला शिकल्या. मला विचाराल तर हेच त्यांचं खरं शिक्षण. नवा दगड घेतला की आधी शेपटीच्या कडेला, जिथे बिघडलं तरी फार बिघडणार नाही अशा जागी सुई लावायची. कण टपकन उडाला म्हणजे कवच आणि दगड वेगळे आहेत, पुढे जायला हरकत नाही. भुगा झाला म्हणजे दोन्ही एकजीव आहेत, सुई खाली ठेवायची. मग बघायचं, ओळखायला काय हवं आहे? डोळ्याची कड दिसते का, धडाचे पट्टे मोजता येतात का, शेपटी केवढी? ते दिसत असेल तर पुढे कोरायचं कशाला? वहीत प्रत्येक नंबरापुढे त्या ‘काढावे’ नाहीतर ‘थांबावे’ लिहायच्या. “दिसायला बरा व्हावा म्हनून त्येचं नाक कापायचं का?” असं त्या एकदा एका पाहुण्या प्राध्यापकाला म्हणाल्या होत्या. त्या गृहस्थाला राग आला. मला फार बरं वाटलं होतं.

आता सतरा नंबर. निवृत्तीला दोन महिने उरले असताना सगुणाबाईंनी मला मधल्या सुट्टीत बोलावून तो दाखवला. सूक्ष्मदर्शकाखाली धड आणि शेपटी स्पष्ट होती, पण डोकं अरुंद वाटत होतं. मी म्हटलं, मोडलंय का?

“मोडलं न्हाई. कात टाकलीय ह्येनं. नदीतला खेकडा टाकतो का न्हाई, तसंच. ह्येंचं गाल सुटं व्हत्यात आन् मान्सानं अंगरखा काढावा तसं त्यातनं भायेर पडत्यात. आता हितं डावीकडं बगा. ह्यो बारका तुकडा. कचरा वाटतोय ना? ह्योच त्येचा गाल. उलटा पडलाय.”

मी बराच वेळ बघितलं आणि एकदम दिसला. कोयरीच्या आकाराचा, ज्वारीच्या कणीएवढा, आतली बाजू वर करून पडलेला. पन्नास कोटी वर्षांपूर्वी एका प्राण्याने काढून टाकला तिथेच. माझ्या अंगावर काटा आला. सगुणाबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा इतका खुललेला मी आधी बघितला नव्हता.

“ह्येला हात लावायचा न्हाई,” त्या म्हणाल्या. “दगूड लई घट हाय. गालाला सुई लागली की भुगा. कुनीतरी जानकार येऊन बगूदेत आदी.” आणि त्यांनी वहीत लिहिलं: ‘१७. थांबावे. डावीकडे गाल आहे.’

हौसराव सर तोवर वारले होते. विभागप्रमुख होते रविराज सर. पस्तिशीचे, पीएचडी, बोलायला गोड. त्यांचा प्रबंध भूजलावर. ट्रायलोबाइटशी त्यांचा संबंध फक्त कपाटाच्या किल्लीपुरता. त्यात काही गैर नाही, प्रत्येकाला सगळं कुठे येतं? पण न येणाऱ्याने येणाऱ्याला विचारावं एवढी साधी अपेक्षा असते. रविराज सरांनी सतरा नंबरचा मोबाइलवर फोटो काढून पुण्याच्या संस्थेला पाठवला. तिथली समृद्धी नावाची संशोधक मुलगी ट्रायलोबाइटवरच काम करते. तिचा लगेच फोन आला. फोटो अंधुक आहे, पण डावीकडे काहीतरी दिसतंय, मी गुरुवारी येते, तोवर दगड आहे तसा ठेवा. हे मला रविराज सरांनीच स्टाफरूममध्ये मोठ्या अभिमानाने सांगितलं.

बुधवारी दुपारी मी त्यांच्या विभागासमोरून चालले होते. सगुणाबाईंना प्राचार्यांनी सभागृहात खुर्च्या लावायला पाठवलं होतं, संध्याकाळी कुणा पुढाऱ्याचं भाषण होतं. लॅबमधून दातांच्या डॉक्टरकडे येतो तसला आवाज येत होता. रविराज सरांनी ओळखीच्या डेंटिस्टकडून ड्रिल आणलं होतं. समोर सतरा नंबर.

“मॅडम, बरं झालं आलात. जरा हा लॅम्प धरता का? स्टँड हलतोय. उद्या त्या पुण्याच्या मॅडम येणार, म्हटलं स्पेसिमेन जरा उठावदार करू. आजूबाजूचा कचरा काढला की बॉडी कशी मस्त सुटी दिसेल.”

मी म्हटलं, “सगुणाबाई थांबा म्हणत होत्या.”

“मॅडम, मावशी आहेत त्या,” रविराज सर हसून म्हणाले.

आणि मी पण हसले. का हसले? समोरचा हसतो म्हणून आपण हसतो, दुसरं कारण नाही. मी लॅम्प धरला. दोन मिनिटांचं काम. ड्रिल फिरलं, करडी धूळ उडाली, त्यांनी फुंकर मारली. डावीकडे गुळगुळीत खड्डा पडला आणि मधोमध ते धड एकटंच उभं राहिलं. गालाची जागा मला नेमकी ठाऊक होती. मी तिथे बघितलं नाही, लॅम्प खाली ठेवला आणि तासाला निघून गेले.

गुरुवारी समृद्धी आली. सव्वीस-सत्तावीसची, चष्मा, पाठीवर पिशवी, बोलणं नीट. लॅबमध्ये आम्ही चौघं. ती, रविराज सर, सगुणाबाई चहाचा ट्रे घेऊन, आणि मी. मला रविराज सरांनी ‘आपल्या सीनियर मॅडम’ म्हणून मुद्दाम बोलावलं होतं. समृद्धीने डोळ्याला भिंग लावून दगड उजेडाकडे फिरवला. मग म्हणाली, “हे ड्रिलने कुणी केलं?”

ट्रे टेबलावर ठेवता ठेवता सगुणाबाईंनी दगडाकडे बघितलं. त्यांना ते तेव्हाच कळलं.

समृद्धी सांगत होती, “या प्राण्याच्या अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन जाती आहेत. गालाच्या टोकाला काटा आहे की नाही यावरूनच ठरतं. फोटोत इथे गाल होता असं मला वाटत होतं. दुसऱ्या फाकेवर तेवढाच टवका उडालाय, त्यामुळे तिच्यावर ठसा नाही. आता हे कधीच ठरणार नाही. मी आहे तसं ठेवा म्हणाले होते.”

रविराज सरांनी एक क्षणही घेतला नाही. “लॅबची साफसफाई आमच्या मावशी बघतात. हौशी आहेत, पण कधी कधी होतं असं. हे बघा,” आणि त्यांनी ती वही उघडली. सतराचं पान नव्हे, चारचं. ‘माझ्या हाताने खराब झाला. सगुणा कोळपे.’ “आधीही झालेलं आहे. मीच लक्ष ठेवायला हवं होतं, चूक माझी.”

मोठेपणासुद्धा घेतला! तीस वर्षांपूर्वी एका बाईने प्रामाणिकपणे लिहिलेली ओळ त्यांनी तिच्याच गळ्यात बांधली, आणि वर आपण चूक पदरात घेतल्याचा आव. मी पुष्कळ लबाड माणसं पाहिली, सहकारी सोसायट्यांच्या निवडणुका पाहिल्या, पण इतक्या सफाईने कुणी कुणावर खापर फोडलेलं पाहिलं नाही.

समृद्धी वाईट मुलगी नव्हती. ती सगुणाबाईंकडे वळून समजावणीच्या सुरात म्हणाली, “मावशी, इतकं खोल जायचं नसतं. दगडाने साथ सोडली की थांबायचं.”

सव्वीस वर्षांची मुलगी सगुणाबाईंना थांबायला शिकवत होती. सगुणाबाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. चांगलं बघितलं, मी काहीतरी बोलावं एवढा वेळ. त्या दिवशी वहीत सतराचं पान उलटायला एक बोट पुरलं असतं. मी मूग गिळून बसले. रविराज सरांशी वैर नको, माझ्या निवृत्तीलाही वर्षच उरलं होतं, आणि लॅम्प मीच धरला होता. अशी तीन कारणं माझ्यापाशी होती, आणि तिन्ही तेवढीच हलकट.

“व्हय ताई,” सगुणाबाई म्हणाल्या. “इतकं खोल जायाचं नसतंय.” आणि चहा दिला.

समृद्धीने दगड सोबत नेला. जाताना मावशींचं नाव विचारून घेतलं, नोंदीत लागतं म्हणून. रविराज सरांनीच अक्षर न् अक्षर सांगितलं. पुढच्या महिनाअखेर निरोपसमारंभ झाला, साडी-नारळ झालं. ‘मावशींच्या हातचा चहा आम्ही विसरणार नाही,’ असं रविराज सर भाषणात म्हणाले. टाळ्या पडल्या.

मला ते पचेना. चार महिने गेले आणि मी समृद्धीला सगळं लिहून पाठवलं. ड्रिल, लॅम्प, माझं हसणं, वहीतल्या सतराच्या पानाचा फोटो. तिचं उत्तर आलं. फार वाईट वाटलं म्हणाली, मनापासून. पण नोंद बदलायची तर ज्या विभागाने नमुना दिला त्याच्या प्रमुखाची सही लागते. प्रमुख कोण? रविराज सर. मी अर्ज घेऊन गेले. त्यांनी तो वाचला, घडी करून मला परत दिला. “मॅडम, आता कशाला? मावशी रिटायर झाल्या. त्यांना काय फरक पडतो?” माझा आवाज कधी नव्हे तो चढला. कॉरिडॉरमध्ये मुलं जमली. सही काही झाली नाही.

मग मी न्हावऱ्याला उतरून वस्तीवर गेले. सगुणाबाई गोठ्यात होत्या, म्हशीला पेंड घालत होत्या. मला बघून हात धुतले, बाज टाकली. मी सगळं सांगितलं. पत्र, अर्ज, सही. आणि माफी मागितली. माफी मागताना मला रडू आलं, आणि त्याचीही लाज वाटली, कारण रडायची पाळी माझी नव्हती.

त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, “कार्डाचं ऱ्हाऊ द्या बाई. बाकीची येकेचाळीस कुठं हायती?”

“कॉलेजातच.”

“आन् ती मशीन?”

“तीही तिथेच असेल.”

“मंग आदी त्या ताईला फोन लावा. म्हनावं, समदी घिऊन जा. वहीबी घिऊन जा. म्हातारीनं लिवलंय तेवडं तरी वाचून मग काय ते करा म्हनावं.”

मी तिथेच बाजेवर बसून फोन लावला. समृद्धी येते म्हणाली. सोमवारी, प्राचार्यांना थेट पत्र घेऊन. मी सगुणाबाईंना सांगितलं. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता थोडं हलकं होईल. मी उठले, चपला घातल्या. निघताना, जे विचारायला नको होतं ते विचारलंच. म्हटलं, “सगुणाबाई, त्या रविराज सरांचा तुम्हाला राग नाही येत?”

“न्हाई येत,” त्या म्हणाल्या. “त्येंला कुटं काय दिसलं हुतं? दिसलंच न्हवतं त्येंला. तुमचा येतो बाई. तुमाला मी दावला हुता.”